वाटीतला पान्हा

पाचवीची पूजा आटोपून त्या दोघी, सासू आणि सून, संध्याकाळी माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. पूजा झाली होती. पाटाजवळ निजवायला बाळ मात्र घरात नव्हते. साडेसातव्या महिन्यात प्रसूती झालेली. सोळाशे ग्रॅम वजनाचे ते मूल चाळीस किलोमीटरवर, जिल्ह्याच्या गावी, काचेच्या पेटीत होते. त्याच्यापाशी वडील थांबले होते आणि आईला तिसऱ्या दिवशी घरी पाठवण्यात आले होते.

सुनेला ताप नव्हता, पण छाती दगडासारखी झाली होती. हात खांद्यापर्यंत उचलवत नव्हता, ब्लाउज ओला होता. दुखणे असह्य झाले की ती न्हाणीघरात जाऊन थोडे दूध पिळून मोरीत सोडत असे. बाळाच्या डॉक्टरांनी दूध काढून पाठवायला सांगितले होते. तो निरोप घरी पोचलाही होता. पण आजींचे मत निराळे होते. "मॅडम, अंगावरून उतरलेलं दूध शिळंच की! वाटीत पडलं की त्याला वारा लागतो, नजर लागते. एवढ्याशा जिवाला ते बाधणार नाही का?" तेव्हा डब्यातली पावडर बरी, असे घरात ठरले होते.

या आजींवर रागावण्याचा अधिकार मला नव्हता. १९९७ साली, तीन महिन्यांची रजा संपवून मी एका आरोग्य केंद्रात कामावर हजर झाले, तेव्हा माझी मुलगी घरी माझ्या आईपाशी असे. दुपारी बाराच्या सुमारास बाह्यरुग्ण विभागात बसल्या बसल्या पान्हा दाटून यायचा, पदर पुढे ओढून घ्यावा लागायचा. मग मी आतल्या खोलीत जाऊन बेसिनमध्ये दूध पिळून नळ सोडत असे. त्याच वेळी घरी माझी आई बाटलीत पावडरीचे दूध कालवत असे. दोन महिन्यांत माझे दूध आटले. "तुझ्या अंगावर मुळातच कमी होतं," असे सगळ्यांनी म्हटले आणि मीही ते मानले. एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत स्तनाच्या दुग्धग्रंथींची आकृती मी अनेकदा काढली होती. ते दूध स्वच्छ वाटीत धरून बाळाला पाजता येते, हे मला कोणी सांगितले नव्हते. आणि ठाऊक असायला हवे होते तर ते मलाच.

म्हणून आजींना मी प्रथम शरीरशास्त्र सांगितले नाही. घरी दुभते काय आहे, एवढेच विचारले. दोन गायी होत्या. मी म्हटले, "आजी, एखादे दिवशी गाय पिळलीच नाही, कासेत दूध तसंच ठेवलं, तर काय होतं?" त्या म्हणाल्या, "कास सुजते. आणि चार दिवस तसंच चाललं तर गाय आटते." मग सुनेकडे पाहून त्या गप्प झाल्या.

दूध उतरण्याचे सारे गणित त्या एका उत्तरात आहे. स्तन ही साठवणीची टाकी नव्हे. जितके दूध बाहेर जाते, तितके नवे तयार होते. बाळ ओढते किंवा हाताने दूध काढले जाते तेव्हा स्तनाग्राच्या संवेदना मेंदूला पोचतात आणि तेथील पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके सुटतात. त्यांपैकी प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते आणि ऑक्सिटोसिनमुळे ग्रंथींभोवतीचे बारीक स्नायू आवळून ते पुढे ढकलले जाते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. उलट दूध आतच तुंबून राहिले, तर ग्रंथींना 'आता पुरे' असा संदेश मिळतो आणि निर्मिती मंदावते. प्रोलॅक्टिनचे प्रमाण रात्री अधिक असते, म्हणून रात्रीचे एखादे पाजणे किंवा काढणे टाळू नये. ऑक्सिटोसिन मात्र लहरी आहे. भीती, अपमान, असह्य वेदना यांनी ते अडते. बाळाच्या आठवणीने, त्याच्या टोपड्याच्या वासाने किंवा पाठीवरून फिरलेल्या मायेच्या हाताने ते सुटते. "हिला दूधच नाही" हे वाक्य दिवसातून चार वेळा बाळंतिणीच्या कानी पडले, तर तिचा पान्हा खरोखरच अडू शकतो.

बाळ जवळ असेल, नीट ओढत असेल, तर दूध काढण्याच्या फंदात पडू नये. बाळाएवढा निष्णात पंप अद्याप कोणी बनवलेला नाही. दूध काढावे लागते ते निराळ्या प्रसंगी: बाळ अपुऱ्या दिवसांचे वा आजारी असून दूर ठेवलेले असते, त्याला ओढण्याची ताकद नसते, छाती इतकी ताठरते की बाळाच्या तोंडात धरत नाही, किंवा आईला कामावर जावे लागते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी या दुधाचे मोल फार मोठे आहे. अशा बाळांच्या आतड्यांना कधीकधी प्राणघातक दाह होतो. आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांत तो कमी आढळतो. म्हणूनच बाळ पेटीत असले, तरी आईने प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या सहा तासांच्या आत, दूध काढण्यास सुरुवात करावी आणि चोवीस तासांत किमान आठ वेळा, रात्रीसह, काढावे. पहिल्या दिवशी चार-सहा थेंब आले तर निराश होऊ नये. तो चीक असतो; पिवळसर, दाट आणि रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेला. पहिल्या दिवशी सारा मिळून तो काही चमचेच येतो आणि नवजात बाळाचे पोटही तेवढेच असते. चीक जड म्हणून पिळून टाकणे आणि त्याऐवजी मध किंवा गूळपाणी चाटवणे अजूनही काही घरांत चालते. मध तर वर्षाच्या आतील बाळाला मुळीच देऊ नये. त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार संभवतो.

त्या संध्याकाळी तपासणीच्या खोलीतच आम्ही सुरुवात केली. सुनेने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. रुंद तोंडाची स्टीलची वाटी दहा मिनिटे पाण्यात उकळून घेतली होती. कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल काही मिनिटे छातीवर ठेवला आणि बोटांच्या पेरांनी, बाळाच्या गालावरून फिरवावीत इतक्या हलक्या हाताने, कडेकडून स्तनाग्राकडे चोळायला सांगितले. आजींना मी सुनेच्या मागे उभे केले व पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यांनी गोल गोल चोळायला लावले. वडिलांनी मोबाइलवर पाठवलेले बाळाचे छायाचित्र समोर होते.

नंतरची कृती एकदा नीट समजून घेतली की विसरली जात नाही. अंगठा वर आणि तर्जनी खाली, अशी चंद्रकोरीच्या आकाराची पकड घ्यावी. दोन्ही बोटे स्तनाग्रावर नव्हेत, तर त्याभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेशी, साधारण दोन बोटे मागे असावीत. प्रथम बोटे सरळ मागे, बरगड्यांच्या दिशेने दाबावीत. मग अंगठा व तर्जनी एकमेकांकडे आणून दाबावे आणि सैल सोडावे. मागे, जवळ, सैल. मागे, जवळ, सैल. बोटे कातडीवरून घसरता कामा नयेत. स्तनाग्र ओढायचे नाही, पिळायचे नाही. त्याने जखम होते आणि दूध येत नाही. पहिली एक-दोन मिनिटे काहीच येत नाही आणि इथेच बहुतेक जणी हात सोडतात. मग थेंब येतात आणि पान्हा फुटला की बारीक धारा सुटतात. धार मंदावली की बोटे वर्तुळाभोवती थोडी फिरवावीत, म्हणजे सर्व बाजू मोकळ्या होतात. एका बाजूला तीन ते पाच मिनिटे, मग दुसरी बाजू, पुन्हा पहिली. असे करत एकूण वीस ते तीस मिनिटे लागतात. दुखू लागले, तर पद्धत चुकते आहे असे समजावे.

पंपाविषयी मला नेहमी विचारले जाते. दीर्घकाळ, दिवसातून अनेकदा दूध काढायचे असेल, तर चांगला विजेचा पंप वेळ वाचवतो. त्याचा फनेल स्तनाग्राच्या मापाचा हवा आणि ओढ सोसवेल इतकीच ठेवावी. रबरी फुग्याचे जुने स्वस्त पंप मात्र घेऊ नयेत. फुग्याच्या आत दूध साचते, तो भाग स्वच्छ होत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांचा दाट चीक पंपाच्या नळ्यांतच चिकटून राहतो, तो हातानेच काढावा. आणि पंप विकत घेऊन दिला की आपले कर्तव्य संपले, असे बाळाच्या वडिलांनी समजू नये. रात्री दोन वाजता त्याचे भाग धुऊन उकळण्याचे काम शिल्लक राहते.

काढलेल्या दुधाच्या साठवणीविषयी घरोघरी शंका असते. आजींचा 'शिळे' हा आक्षेपही त्यातलाच. काढलेले दूध लगेच नासत नाही, कारण त्यात जंतूंची वाढ रोखणारी द्रव्ये असतात. खोलीचे तापमान २५ अंशांच्या आसपास असेल, तर झाकून ठेवलेले दूध ४ तास चालते. आपल्याकडच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ते लगेच पाजावे नाहीतर तत्काळ थंड करावे. फ्रिजमध्ये अमेरिकेतील आरोग्य यंत्रणा ४ दिवसांपर्यंत मुभा देते. आपल्याकडील नवजात विभाग बहुधा २४ तासांची मर्यादा सांगतात. मी दुसरीच पाळायला सांगते. तालुक्याच्या गावी वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो आणि एकत्र कुटुंबातला फ्रिज दिवसभर उघडझाप होत असतो. दूध दाराच्या कप्प्यात न ठेवता आत मागच्या बाजूला, घट्ट झाकणाच्या भांड्यात, तारीख-वेळ लिहून ठेवावे. कच्चे मांस-मासळी त्याच्यापासून दूर असावी. उणे २० अंशांच्या खऱ्या डीप फ्रीझरमध्ये दूध ३ महिने निश्चित टिकते. एका दाराच्या फ्रिजमधील बर्फाचा छोटा कप्पा म्हणजे तो फ्रीझर नव्हे.

ठेवलेल्या दुधावर साय वर आणि पाणीदार भाग खाली असे थर दिसतात. ते फाटलेले नसते. भांडे हलकेच फिरवले की एकजीव होते. काही जणींच्या साठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. दुधातील लायपेज हे विकर स्निग्धांश विघटित करते, त्याचा तो परिणाम. असे दूध बाळाला अपायकारक नसते. गरम करताना दुधाचे भांडे कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवावे. गॅसवर उकळू नये आणि मायक्रोवेव्हमध्ये तर घालूच नये: त्यात काही भाग कढत होतो, बाळाचे तोंड भाजते. गोठवलेले दूध एकदा वितळले की चोवीस तासांत, फ्रिजमध्येच ठेवून, संपवावे; पुन्हा गोठवू नये. बाळाच्या तोंडून उरलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे. ते टाकताना आईच्या जिवावर येते, हे मला ठाऊक आहे.

पाजायचे कशाने? बाटलीने नव्हे. बाटलीच्या बुचात व बोळ्यात जंतू राहतात, आणि तिच्या सोप्या धारेची सवय झालेले बाळ पुढे आईकडे ओढायचा कंटाळा करते. वाटी-चमचा सर्वांत उत्तम. उकळायला सोपा, घरात असलेला. जुन्या घरांत चांदीचे चोचीचे बोंडले असे, तेही नीट उकळून वापरता येते. बाळाला उताणे न ठेवता अर्धवट बसते धरावे, चमचा खालच्या ओठावर टेकवावा आणि त्याने स्वतः चाटून घेईपर्यंत थांबावे. घशात ओतू नये. फारच लहान बाळाला गिळता येत नाही. त्याला रुग्णालयात नळीनेच दूध देतात.

दूध वाढावे म्हणून अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी या साऱ्यांचा मारा बाळंतिणीवर होतो. अळीव आणि मेथी खुशाल खाव्यात, पौष्टिक आहेत. पण दिवसभर लाडू भरवून रात्री "दमली आहेस, आज काढू नकोस" म्हणणाऱ्या घरात दूध वाढत नाही. वाढते ते काढल्याने.

छाती ताठरून लाल झाली, तर पूर्वी आम्ही डॉक्टर मंडळी 'जोरात चोळा, गाठ फोडा, पूर्ण रिकामे करा' असे सांगत असू. तो सल्ला आता मागे पडला आहे. जोराने चोळल्यास आतील सूज वाढते. बाळाच्या गरजेपुरते दूध काढावे किंवा पाजावे, मधल्या वेळेत थंड पाण्याची घडी ठेवावी, वेदनाशामक डॉक्टरांना विचारून घ्यावे. चोवीस तासांत उतार नसेल, ताप-थंडी वाजत असेल किंवा एखादा भाग लाल व मऊ होऊन पू झाल्याची शंका असेल, तर थांबू नये. आणि औषध सुरू झाले म्हणून आपणहून पाजणे बंद करू नये. बहुतेक नेहमीची औषधे स्तनपानात चालतात, जी चालत नाहीत ती डॉक्टर सांगतील.

कामावर परतणाऱ्या आईसाठी दोन आठवडे आधी सराव सुरू करावा. सकाळच्या पाजण्यानंतर थोडे दूध अधिक काढता येते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला एका वेळी साधारण ६० ते १०० मिलिलिटर लागते, त्या हिशेबाने लहान लहान भांड्यांत ठेवावे, म्हणजे वाया जात नाही. कामाच्या ठिकाणीही दर तीन-चार तासांनी काढावे, नाहीतर माझे झाले तसे होते. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत स्तनपानासाठी दोन विश्रांत्यांचाही कायद्याने हक्क आहे. हे नोकरदार स्त्रियांचे झाले. ऊसतोडीला जाणारी, बांधकामावर विटा वाहणारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी आई या हिशेबात बसत नाही. ती दीड महिन्यात कामावर जाते आणि तिच्याकडे फ्रिज नसतो. तिला मी सांगते: निघताना बाळाला पाज, एक वाटी काढून झाकून सावलीत ठेव, चार तासांच्या आत आजीने ती चमच्याने पाजावी, आणि दुपारी जमेल तर घरी येऊन जा.

गडाचे दरवाजे मिटल्यावर तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीची कथा आपण शाळेत शिकलो. आता एसटीच्या स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत तिच्या नावाचे हिरकणी कक्ष असतात. एका कार्यालयात मी असा कक्ष पाहायला मागितला, तेव्हा आत जुन्या फायलींचे गठ्ठे होते आणि किल्ली शिपायाकडे होती. शिपाई चहाला गेला होता.

ज्या मातेला सुरुवातीचे दिवस दूध येत नाही किंवा जी स्वतः अतिदक्षता विभागात आहे, तिच्या बाळासाठी मानवी दूधपेढी असते. आशियातील पहिली अशी पेढी १९८९ साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आपल्या बाळाचे पोट भरून दूध उरणाऱ्या निरोगी माता तपासण्यांनंतर तेथे दान करतात, ते ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केले जाते आणि तपासून मगच दुर्बल बाळांना मिळते. ओळखीतल्या बाईचे दूध तपासणीविना परस्पर पाजणे ही गोष्ट वेगळी, ती टाळावी.

त्या संध्याकाळी वीस-बावीस मिनिटांत वाटीत चाळीस मिलिलिटरच्या आसपास दूध जमले. छाती मऊ पडली, सुनेने कित्येक तासांनी हात मोकळा हलवला. बाळाला त्या वेळी दर दोन तासांनी दहा-बारा मिलिलिटर नळीतून देत होते; म्हणजे रात्रीच्या तीन वेळांची सोय झाली होती. उकळून थंड केलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत दूध भरले, डबी बर्फाच्या थर्मासात ठेवली आणि धाकटा दीर मोटरसायकलवर ती घेऊन गेला. आजी दारापर्यंत सोडायला गेल्या. थर्मासावरून त्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या की नाही, हे मी विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सून बाळापाशी राहायला गेली. दिवसातून आठ वेळा, कधी नऊ वेळा तिने दूध काढले. बाराव्या दिवशी बाळाने जन्माचे वजन पुन्हा गाठले, मग ते वाटी-चमच्यावर आले, चौथ्या आठवड्यात प्रथम आईला लुचले आणि एकोणतिसाव्या दिवशी दोन किलोचे होऊन घरी परतले.

गेल्या महिन्यात आजी पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्याबरोबर शेजारची एक बाळंतीण होती, आठ दिवसांची, छाती ताठरलेली. "हिला ते दूध काढायचं शिकवा, मॅडम," त्या म्हणाल्या. "मीच दाखवलं असतं, पण माझा हात गायीचा आहे."